नाताळातली खुनाची गोष्ट आणि आपला दिवाळी अंक



आजच्या भागात बचत, व्याज, परतफेड यातलं काहीच बोलायचं नाही. आज गोष्टींबद्दल बोलू. तीही साधी गोष्ट नाही, खुनाची गोष्ट. दचकू नका. आपल्यापैकी किती जणी संध्याकाळचा स्वयंपाक उरकून ‘सीआयडी’ बघत होत्या, ते मला माहीत आहे. १९९८ साली ती मालिका सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. घरात भाकरी थापता थापता “खून त्या भाच्यानंच केला असणार” असं सांगणाऱ्या सासवा आपण पाहिल्यात. ही आवड आली कुठून, तिचा इतिहास काय आणि त्यातून आपण काय घ्यावं, एवढंच आज सांगते.

इंग्लंडमध्ये गोष्टींचा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. एक लहानसं खेडं. एक चर्च, एक पोस्ट, एक किराणा दुकान, चार मोठे वाडे. डिसेंबर महिना, बाहेर बर्फ, घरात शेकोटी. नाताळासाठी पाहुणे जमलेले. आणि ऐन सणात घरातला एक जण मेलेला सापडतो. मग गावातलंच कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी बाई, विचारपूस करत करत खरं काय ते शोधून काढते. शेवटी गुन्हेगार सापडतो, निरपराध माणूस सुटतो आणि सगळे पुन्हा चहाला बसतात. अशी पुस्तकं तिकडं दर नाताळात नव्यानं निघतात आणि बाया ती हौसेनं वाचतात. सणासुदीला खून वाचायची ही कसली हौस, असं आपल्याला वाटेल. पण त्यामागं कारण आहे.

पहिलं कारण तिकडच्या हवेचं. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. रात्र लांबच लांब. शेतातली कामं बंद. मग शेकोटीभोवती बसून भुताखेताच्या गोष्टी सांगायची तिकडची जुनी रीत. आपल्याकडं सुगी झाल्यावर अंगणात बसून आजी सांगायची, तसंच. चार्ल्स डिकन्स या लेखकानं ही रीत छापील केली. १९ डिसेंबर १८४३ रोजी त्याचं नाताळावरचं छोटं पुस्तक निघालं. एका कंजूष सावकाराला रात्री भुतं भेटतात आणि तो सुधारतो, अशी ती गोष्ट. सहा हजार प्रती पाच-सहा दिवसांत संपल्या. मग मासिकवाल्यांच्या ध्यानात आलं की सणात लोकांना वाचायला हवं असतं. नाताळाचे खास अंक निघू लागले.

भुतांच्या जागी हळूहळू गुप्तहेर आला. १८९२ च्या जानेवारीत ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सची एक नाताळातली गोष्ट आली. होम्सच्या गोष्टी भालबा केळकरांनी मराठीत आणल्यात, काहींनी वाचल्या असतील. या गोष्टीत एका सरदारीण बाईचा निळा हिरा हॉटेलातून चोरीला जातो. पोलीस कुणाला धरतात? खोलीत दुरुस्तीच्या कामाला आलेल्या एका नळकारागिराला. का? तर त्याला पूर्वी एकदा शिक्षा झालेली होती. खरा चोर असतो हॉटेलातला वरच्या हुद्द्याचा नोकर. त्यानं हिरा लपवलेला असतो नाताळाच्या मेजवानीसाठी पाळलेल्या एका पक्ष्याच्या पोटात. होम्स धागा धरून तिथवर पोचतो आणि त्या गरीब कारागिराची सुटका होण्याचा मार्ग मोकळा होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

आता या इंग्रजी गोष्टींचं आपल्या मातीशी नातं काय, ते ऐका. इंग्रजीतल्या अगदी पहिल्या गुप्तहेर कादंबऱ्यांमध्ये ‘मूनस्टोन’चं नाव घेतात. विल्की कॉलिन्सनं ती १८६८ साली लिहिली. तिची सुरुवात इंग्लंडात नाही, आपल्या देशात होते. १७९९ साली इंग्रजांनी टिपू सुलतानाचं श्रीरंगपट्टण जिंकलं आणि लुटलं. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं निजामाची फौज होती, म्हणजे आपला मुलूख ज्यांच्या ताब्यात होता, त्यांची. तिथं असलेला आर्थर वेलस्ली हा सेनापती चार वर्षांनी, १८०३ साली, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढला. त्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला एक हिरा इंग्रज अधिकारी घरी घेऊन जातो, अशी कॉलिन्सची कल्पना. पुढं तो हिरा इंग्लंडातल्या एका वाड्यातून नाहीसा होतो. संशय येतो दारात आलेल्या तीन हिंदी माणसांवर आणि घरातल्या एका मोलकरणीवर. परका माणूस आणि गरीब बाई, बोट पहिल्यांदा यांच्याकडंच वळतं.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. गुप्तहेराच्या गोष्टीत बोटांचे ठसे नसले तर चालतच नाही. ती युक्ती सरकारदरबारी वापरात आली ती बंगालात. १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा कागदावर घेतला. हेतू एवढाच, की उद्या त्यानं ‘हा करार माझा नाही’ म्हणू नये. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. तिथं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठसे लावून ठेवायची पद्धत बसवली. लंडनच्या पोलिसांनी ती चार वर्षांनी, १९०१ मध्ये घेतली. तेव्हा बँकेत अंगठा लावताना ज्या मावशीला लाज वाटते, तिला हे जरूर सांगा. सही खोटी करण्यापेक्षा अंगठा खोटा करणं अवघड.

आता या गोष्टींच्या खऱ्या राणीकडं येऊ. तिचं नाव अगाथा ख्रिस्ती. जन्म १८९०, मृत्यू १९७६. पहिल्या महायुद्धात ती आपल्या गावच्या दवाखान्यात औषधं तयार करून द्यायचं काम करत होती. कुठलं औषध किती थेंबांपर्यंत औषध असतं आणि कुठं विष होतं, हे ती तिथं शिकली. १९२० साली तिची पहिली कादंबरी आली, त्यातला खून विषानंच होतो. दवाखान्यातल्या साध्या कामात मिळालेल्या ज्ञानावर या बाईनं आयुष्यभर लिहिलं. आज जगात तिच्याइतकी पुस्तकं खपलेला कादंबरीकार दुसरा नाही.

तो काळही ध्यानात घ्या. १९१४ ते १९१८ या युद्धात ब्रिटनचे सात लाखांहून अधिक लोक मेले. आपल्या हिंदुस्थानातले सत्तर हजारांहून जास्त शिपाई त्यांच्यासाठी मेले. तिकडं गावोगाव चर्चपुढं मेलेल्या पोरांच्या नावांचे दगड लागले. इतकं मरण पाहिलेल्या लोकांना मरणाचीच गोष्ट का आवडावी? मला वाटतं, युद्धातल्या मरणाला जाब विचारता येत नव्हता. गोष्टीतल्या मरणाला विचारता येतो. तिथं एकच माणूस मरतो, पण त्याच्या मरणाचा हिशेब शेवटच्या पानापर्यंत पुरा होतो. कुणी मारलं, का मारलं, सगळं मांडलं जातं. आपल्या खतावणीत शिल्लक जुळली की जिवाला जसं बरं वाटतं, तसं वाचणाऱ्याला वाटत असणार.

१९२७ च्या डिसेंबरात अगाथाबाईंनी एका मासिकात एक नवीन गोष्ट लिहिली. त्यात दर मंगळवारी संध्याकाळी काही मंडळी एका घरी बैठकीला जमायचं ठरवतात. प्रत्येकानं एक न सुटलेलं कोडं सांगायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. जमलेले कोण? एक लेखक, एक चित्रकार बाई, एक धर्मगुरू, एक वकील, एक मोठा पोलीस अधिकारी. चित्रकार बाई माणसं मोजते आणि म्हणते, आपण पाच जण आहोत. कोपऱ्यात लोकर विणत बसलेली म्हातारी हसून म्हणते, पोरी, मला विसरलीस की. ही म्हातारी म्हणजे मिस मार्पल. लग्न न झालेली, एकटी, बागेत खुरपणारी, खेड्यातली. घर तिचंच, तरी मोजणीत ती नाही. आणि कोडं सोडवते तीच!

ती ते सोडवते कशी? तिच्याकडं भिंग नाही, हत्यार नाही, पदवी नाही. ती आपल्या गावातली माणसं ओळखते. अमक्या साहेबाचं बोलणं ऐकलं की तिला गावचा एखादा पोरगा आठवतो, जो असाच गोड बोलून पैसे उचलायचा. दूधवाला किती वाजता येतो, कुणाचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो, कोणत्या मोलकरणीनं अचानक काम सोडलं, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. आपल्याकडं बायांच्या अशा माहितीला ‘चांभारचौकशा’ म्हणून हिणवतात. अगाथाबाईंनी बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथांत त्या चौकशांना पुराव्याची किंमत दिली. पण एक फरक तिनं कायम राखला. मार्पल ऐकते खूप, बोलते कमी, आणि पक्कं कळल्याशिवाय कुणाचं नाव घेत नाही.

मग यात नाताळ कशाला? तर नाताळात सगळं घर एकत्र येतं. १९३८ च्या डिसेंबरात निघालेल्या तिच्या एका कादंबरीत एक श्रीमंत म्हातारा साऱ्या मुलांना सणाला बोलावून घेतो, आणि नाताळच्या आदल्या दिवशीच त्याचा खून होतो. संशय सगळ्या घरावर, कारण सगळ्यांचं काही ना काही त्या इस्टेटीत अडकलेलं. हे आपल्याला अनोळखी आहे का? दिवाळीला पुण्या-मुंबईचे भाऊ गावी येतात. फराळ होतो आणि पाडव्याच्या दुपारी वाटणीचा विषय निघतो. भाऊबीजेला ओवाळणी घालतानाच बहिणीपुढं हक्कसोडपत्राचा कागद येतो. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हक्क देणारा कायदा १९९४ साली केला, देशभर तो २००५ साली झाला. तरी ‘माहेर तुटेल’ या भीतीनं सही होते. इंग्लंडातल्या त्या गोष्टीत आणि आपल्या ओसरीवरच्या बैठकीत फरक इतकाच, की तिथं खून होतो आणि इथं सगळं गोडीगुलाबीनं होतं.

दिवाळी निघालीच आहे तर मराठी वाचनाचाही इतिहास सांगते. काशिनाथ रघुनाथ मित्र, मूळचे कोकणातले आजगावकर, यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक काढलं. इंग्रजी मासिकं नाताळाचे खास अंक काढतात हे पाहून त्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. म्हणजे आज ज्या शेकडो दिवाळी अंकांचा आपण अभिमान धरतो, ते रोपटं नाताळाच्या झाडाचं कलम आहे. पण ते आपल्या मातीत असं रुजलं की परकं वाटतच नाही. नाताळ हा शब्दही असाच पोर्तुगीजांकडून आला आणि मराठी होऊन गेला.

दिवाळी अंकांच्या पाठोपाठ रहस्यकथाही मराठीत रुजली. बाबूराव अर्नाळकर हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून जास्त छोट्या रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकानं त्याची नोंद घेतली. धनंजय, छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रं घराघरांत माहीत झाली. पुढं गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. भयकथांमध्ये नारायण धारप आले. अनंत अंतरकरांनी ‘नवल’ काढलं, त्यात गूढकथांना मानाचं पान मिळालं.

यात बायांचा वाटा कुठं होता? वाचणाऱ्यांत होता, पण चोरून. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांमागं नऊ जणीसुद्धा साक्षर नव्हत्या. ज्यांना वाचता येई त्यांच्या हातात पोथी चाले, कादंबरी चालत नसे. ‘बाई बिघडेल’ म्हणत. अर्नाळकरांची पुस्तकं उशीखाली, धान्याच्या डब्यामागं ठेवून वाचणाऱ्या शहरातल्या बायांच्या आठवणी पुष्कळ ऐकायला मिळतात. आपल्या खेड्यांत तेवढंही नव्हतं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, तिथं सरकारी शाळांत उर्दूचं वजन जास्त. मराठी पुस्तक गावात येणार तरी कसं? म्हणून आपल्या आज्यांनी रहस्य तोंडी जपलं. कोडी घातली, उखाण्यांत नाव लपवलं. भुलाबाईच्या खेळात डबा कानाशी हलवून आत खाऊ काय आहे ते ओळखायचं. आवाज लाह्यांचा की शेंगदाण्यांचा, वास गुळाचा की तुपाचा. चार खुणांवरून उत्तर काढायचं. गुप्तहेर याहून वेगळं काय करतो?

आता या गोष्टींमधलं जे मला खटकतं, तेही सांगायला हवं. त्या इंग्रजी खेड्यात स्वयंपाकीण असते, मोलकरीण असते, माळी असतो, पण त्यांचं घर कुणी दाखवत नाही. हिंदुस्थानातून पेन्शन घेऊन परतलेले कर्नल आणि मेजर खुर्चीत बसून असतात. त्यांचं पेन्शन कुणाच्या शेतसाऱ्यातून आलं, ते गोष्ट विचारत नाही. तेव्हा ते गाव जितकं गोड दिसतं, तितकं ते खरं नव्हतं. पण एक चांगली गोष्टही आहे. या गोष्टींत बहुतेक वेळा रक्त दाखवत नाहीत, बाईच्या देहाची विटंबना चवीनं रंगवत नाहीत. आजकाल फोनवर येणाऱ्या मालिकांत मेलेली पोरगी दहादा दाखवतात. त्यापुढं ही म्हातारी आणि तिची लोकर मला बरी वाटते.

मुख्य मुद्दा पुढं आहे. अगाथाबाईंची १९६२ सालची एक कादंबरी आहे. त्यात मार्पलच्या जुन्या गावाशेजारी नवी वसाहत उभी राहते. नवी घरं, नवी दुकानं, अनोळखी माणसं. जुने लोक नाकं मुरडतात. मार्पल मात्र काठी घेऊन तिथं जाऊन बघून येते आणि तिच्या ध्यानात येतं की माणसं तीच आहेत, कपडे तेवढे वेगळे. मला आपलं चितेगाव आठवतं. पैठण रस्त्याला व्हिडिओकॉनचा कारखाना आला, तसं गाव बदललं. शेतांच्या जागी खोल्या झाल्या. बीडचे, विदर्भातले, बिहार-उत्तर प्रदेशातले लोक भाड्यानं राहिले. गावात काही हरवलं की पहिलं बोट कुणाकडं? भाडेकरूंकडं. नाहीतर एकट्या राहणाऱ्या बाईकडं.

आमच्या भागातल्या एका गटात मागं असंच झालं. महिन्याच्या हिशेबात पाचशे चाळीस रुपये कमी आले. खजिनदार बाई नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरांना घेऊन राहणारी. कुणी उघड बोललं नाही, पण बैठकीत तिच्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. तिनं रडून सांगितलं, मी घरचे भांडे विकून भरते. गटातली एक वयस्क सदस्य म्हणाली, भरू नको, भरलंस तर घेतले असं होईल, आधी सगळे कागद मांडू. मग पासबुक छापून आणलं, पावत्या लावल्या, इतिवृत्ताची पानं तारखेनं बघितली. एका महिन्याचा तीन जणींचा हप्ता कर्जाच्या रकान्याऐवजी बचतीच्या रकान्यात दोन वेळा ओढला गेला होता. पैसे कुठंच गेले नव्हते. कागदावर चूक होती. त्या दिवशी त्या मावशीनं जे केलं, तेच मार्पल करते.

हे पाचशे चाळीस रुपयांचं झालं. पण अशाच संशयावरून आपल्या राज्यात बायांचे जीव गेलेत. कुणाचं लेकरू आजारी पडलं, कुणाची म्हैस आटली की गावातल्या एकट्या म्हातारीवर ‘करणी केली’ असा आळ येतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिला छळणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. इंग्लंडातही काही शतकांपूर्वी एकट्या म्हाताऱ्यांना चेटकीण म्हणून फासावर दिलं होतं. त्याच देशातल्या एका लेखिकेनं एकट्या म्हातारीलाच खरं शोधून काढणारी केलं, हा बदल मला फार मोठा वाटतो.

म्हणून या गोष्टींचं आकर्षण फक्त बर्फ, शेकोटी आणि केक यांचं नाही. सणाच्या घरात साचलेलं सगळं वर येतं, त्यात जो दुबळा आहे त्याच्यावर आळ येतो, आणि कुणीतरी शांतपणे पुरावा मांडून तो आळ पुसतं. बाईला हे वाचून बरं वाटतं, कारण आळ म्हणजे काय ते तिला आयुष्यभर माहीत असतं.

आता करायचं काय, तर सोपं आहे. दिवाळी होऊन जाते, पण दिवाळी अंक डिसेंबरातही वाचनालयात असतात. ग्रामपंचायतीजवळ किंवा शाळेत वाचनालय असेल तर गटाच्या नावानं सभासद व्हा आणि एक रहस्यकथा आणा. महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की वाचता येणाऱ्या पोरीनं ती मोठ्यानं वाचावी, आणि शेवटची दोन पानं राखून ठेवावीत. मग प्रत्येकीनं सांगायचं, कुणी केलं आणि कशावरून. ‘मला वाटतं’ एवढं चालणार नाही, ‘कशावरून’ हे सांगावंच लागेल. अंगठा लावणाऱ्या मावशीला पहिल्यांदा विचारा. आणि माणसं मोजताना कोपऱ्यात बसलेलीला विसरू नका.

पुढच्या भागात आपण वारसनोंद आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं, ते बघू.